मदत हवी आहे : आजोबांची बीएसए पॉइंट टू-टू, गंज, अडकलेली मॅगझिन आणि नंबराचा घोळ

तळकोकणी :
नमस्कार मंडळी. बंदुकीवर धागा काढतोय म्हणून दचकू नका, सगळं परवान्यातलं आहे.

आमचं गाव कुडाळजवळ. घरात दोन हत्यारं. एक ठासणीची, शेताच्या राखणीसाठी, वानर आणि डुकरं पळवायला. दुसरी आजोबांची पॉइंट टू-टू (म्हणजे ०.२२ इंच बोअरची) बोल्ट अॅक्शन रायफल, मागचा दांडा म्हणजे बोल्ट हाताने मागेपुढे ओढून भरायची; नळीवर बीएसए या ब्रिटिश कंपनीची तीन रायफली एकमेकींना टेकवून ठेवल्याची खूण. आजोबांनंतर परवाना वडिलांच्या नावावर झाला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ती कुणी चालवल्याचं ऐकलं नाही. चामड्याच्या गवसणीत घालून माळ्यावर, आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा, दोन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या फेरीहून आली ती ओल घेऊनच. कुठलं ठाणं ते विचारू नका.

वडील गेल्यावर आम्ही ती कोल्हापूरच्या एका परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केली, पावती आहे. ठासणीची भाऊ स्वतःच्या नावावर करून घेतोय. रायफल मला हवी आहे. मी पुण्यात असतो. परवा जाऊन पाहिली तर :

नळीवर चट्ट्याचट्ट्यांनी तांबूस गंज. दस्ता अक्रोडाचा, पण वर कुणीतरी फर्निचरचं वॉर्निश मारलंय आणि एका बाजूला खोल पोचा आहे. नळीखाली अजून एक बारीक नळी आहे, ती पुढून ओढून काढायची असते म्हणे, ती जाम आहे. बॅकसाइटचा (नेम धरायच्या मागच्या खाचेचा) एक स्क्रू गायब. आणि मुख्य भानगड : परवान्यात नंबराचा शेवटचा आकडा ३ लिहिलाय, रायफलीवर गंजाखाली तो ८ वाटतोय.

विक्रेत्याचा कारागीर म्हणतो, ‘साहेब, बफिंग मारून निकल करून देतो, आरशासारखी.’ मला आरसा नकोय. काय करावं? पॉलिश पेपरने निदान नंबरापुरतं घासून बघू का?

उगाच एक :
भिंतीवर टांगा, खाली दोन ढाली आणि सांबराचं शिंग. वाडा तयार. 😀

तळकोकणी :
वाडा नाही, वन बीएचके आहे.

जुना नेमबाज :
घासू नका. आधी हे वाचा, मग बाकीचं.

खालची बारीक नळी म्हणजे तुमचं मॅगझिन. वर्णनावरून ही बीएसएची स्पोर्ट्समन फिफ्टीन, पंधरा काडतुसं एकामागे एक त्या नळीत बसतात. धोका इथेच असतो. पेटीचं मॅगझिन काढून हातात घेतलं की रिकामं दिसतं. नळीच्या मॅगझिनमध्ये एखादं काडतूस आत अडकून राहिलं तर बोल्ट उघडून चेंबर (काडतूस बसतं तो खण) पाहिलं तरी ते नजरेला पडत नाही, आणि नंतर कधीतरी हलवाहलवीत मागे सरकतं. तुमची नळी जाम आहे म्हणजे आत काय आहे हे आज कुणालाच माहीत नाही. चाळीस-पन्नास वर्षांचं, कलंक चढलेलं काडतूस असू शकतं. ती नळी कारागिरानेच उघडायची, बोल्ट पूर्ण काढून ठेवून. पक्कड लावून पिळायची नाही, आधी आत मुरणारं तेल सोडून दोन-तीन दिवस थांबायचं. बहुतेक वेळा बाहेरच्या नळीला पोचा गेलेला असतो आणि आतली तिथे धरते. आतून बरोबर मापाची गोल सळई हळूहळू ठोकत नेली की पोचा उठतो.

तोवर चाप ओढून ‘कट्’ आवाज ऐकायचा मोह नको. एक तर वरचं कारण. दुसरं, तुमच्या पॉइंट टू-टूसारख्या रिमफायरमध्ये पिन काडतुसाच्या कडेवर आपटते, आणि चेंबर रिकामं असलं तर जुन्या रायफलींत ती थेट चेंबरच्या ओठावर बसते. तिथे खळगा पडला की काडतूस नीट बसत नाही, नीट निघतही नाही. आमच्या एनसीसीच्या पोरांनी अशा किती रायफली खराब केल्या ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

प्रूफच्या खुणा बघितल्यात का? मुकुट आणि खाली इंग्रजी अक्षरं.

तळकोकणी :
फोटोत मोठं करून पाहिलं. मुकुट आहेत, तीन ठिकाणी. अक्षरं बीव्ही, बीपी, आणि तिसरं एनपी वाटतंय.

जुना नेमबाज :
छान. या बर्मिंगहॅमच्या चाचणीच्या खुणा. १९५४ च्या नियमांनंतर तिथे बीएनपी अशी एकत्र खूण येऊ लागली. तुमच्याकडे तीन वेगळ्या आहेत आणि स्पोर्ट्समन ही महायुद्धानंतरची मालिका, म्हणजे त्या मधल्या सात-आठ वर्षांतली. कारागिराचं बफ फिरलं की या खुणा पहिल्या जातात. कडा गोल होतात, अक्षरं पुसट, आणि मग कुठल्या वर्षाची हे सांगायला काही उरत नाही.

काळा कोट :
खुणा गेल्या तर हळहळ. नंबर गेला तर खटला. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ८ : हत्यारावरचा नंबर किंवा ओळखखूण खोडणं, बदलणं गुन्हा आहे. आणि तुमच्या ताब्यातल्या हत्यारावर नंबर पुसलेला सापडला तर तो तुम्हीच पुसला असं गृहीत धरलं जातं, उलट तुम्ही सिद्ध करायचं. ‘गंज काढत होतो’ हे कोर्टात सांगायला मला तरी आवडणार नाही. त्यामुळे पॉलिश पेपर हा विषय इथेच संपवा.

३ आणि ८ चा घोळ नवीन नाही. जुने परवाने हाताने लिहिलेले, नूतनीकरणाच्या वेळी एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरलेले. करायचं असं : विक्रेत्याकडून रायफल तपासून नंबर जसा दिसतो तसा लेखी घ्या, मोठे फोटो जोडा. आजोबांच्या काळातला मूळ परवाना किंवा खरेदीची पावती घरात शोधा, तिथे ८ असेल तर निम्मं काम झालं. मग दुरुस्तीचा अर्ज परवाना प्राधिकाऱ्याकडे. शहरात पोलीस आयुक्त, जिल्ह्यात जिल्हाधिकारी. वारसाच्या अर्जाआधी हे निस्तरा, नाहीतर चुकीचा नंबर तुमच्या नव्या परवान्यावर चढेल आणि पुढच्या पिढीला हाच धागा काढावा लागेल.

वारसाचा परवाना शस्त्र नियम २०१६ च्या नियम २५ खाली. तुम्ही राहता पुण्यात, त्यामुळे अर्ज पुण्यात. आई, भाऊ, बहीण असतील त्या सगळ्यांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र लागेल. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही मागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं, पण तुमची वाटणी आधीच झालीय, प्रश्न नाही.

आणि एक. परवाना हातात येईपर्यंत ‘दोन दिवस घरी नेऊन साफ करतो’ हे नाही. जमा म्हणजे जमा.

तळकोकणी :
कारण काय लिहायचं अर्जात? शेती म्हणावं तर मी पुण्यात कुंडीत मिरच्या लावतो.

काळा कोट :
वारसा हेच लिहा. शिवाय रायफल क्लबचे सभासद व्हा. कलम १३ मध्ये पॉइंट टू-टू रायफलीचा वेगळा उल्लेखच आहे, मान्यताप्राप्त क्लबच्या सभासदाने नेमबाजीच्या सरावासाठी मागितली तर. एवढ्या लहान बोअरचं नाव कायद्यात घेतलंय हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

जुना नेमबाज :
सभासद नक्की व्हा. बालेवाडीच्या नेमबाजी रेंजवर जाऊन आधी नुसतं बघा. स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटरमध्ये कांस्य आणलं, तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये जगज्जेती झाली, दोघंही कोल्हापूरचे आणि दोघांच्या हातात पॉइंट टू-टूच. तुमची स्पोर्ट्समन त्या स्पर्धेच्या रायफलींसमोर लुना आहे, पण बोअर तोच.

ओंटारियोकर :
धागा बघून राहवलं नाही. इथे कॅनडात माझा हाच छंद आहे, परवाना अर्थात इथलाही लागतो. मी कूई या इथल्या कंपनीच्या जुन्या पॉइंट टू-टू गोळा करतो. ओंटारियोतल्या कोबर्गमध्ये कारखाना होता, इथल्या शेतघरांत दाराआड एक कूई उभी असायचीच. त्यातली मॉडेल ६० तुमच्यासारखीच खाली नळी असलेली. माझ्या एकीवर तर नंबरच नाही, तेव्हा घालायची सक्ती नव्हती. काळा कोट यांना झोप लागणार नाही.

आता गंजाचं. रायफल विक्रेत्याकडेच राहू दे, कारागिराला शेजारी बसून हे करायला सांगा, त्याचे दोन तास विकत घ्या. आधी पातळ तेल लावून एक रात्र. मग शून्य-शून्य-शून्य-शून्य नंबरची पोलादी लोकर, तेलात भिजवलेली, दोन बोटांनी, अगदी हलक्या हाताने. तांबूस गंज उठून येतो आणि खाली जे निळं-काळं उरलं असेल ते बहुतांशी राहतं. नंबराच्या आणि प्रूफच्या खुणांवर लोकरसुद्धा नको, तेल आणि जुना दात घासायचा ब्रश. तेवढ्याने आकडा वाचता येतो.

खळगे पडले असतील तर पडू देत. ते बुजवायचे म्हणजे धातू खाली उतरवायचा, आणि तुम्ही म्हणालात तसा आरसा. मी पहिली कूई अशीच चकाचक करून नवीन ब्लूइंग (पोलादावरचा निळा-काळा मुलामा) केलं होतं. दिसायला दुकानातल्या खेळण्यासारखी झाली. तिच्याकडे बघवत नाही मला.

नळीच्या आत : साफसफाई बोल्टच्या बाजूने, पुढून सळई घालू नका, तोंडाशी आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा) झिजले की नेम गेला. जुन्या काडतुसांच्या पेटवण्याच्या दारूत मिठासारखे क्षार उरायचे आणि ते तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून आधी गरम पाण्याचा बोळा, पूर्ण कोरडं, मग तेल.

दस्ता : वॉर्निश खरवडायचं नाही, काच किंवा पातं लावलं की लाकडाची उंची कमी होते आणि लोखंडाशी बसलेली कड बिघडते. वॉर्निश उतरवायचं द्रावण, कापड, धीर. पोच्यावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवा, दबलेल्या शिरा वाफेने फुगून वर येतात. शीर तुटली असेल तर येणार नाही. शेवटी उकळलेलं जवसाचं तेल, थेंब-थेंब, तळहाताने चोळून, दोन थरांमध्ये एकेक दिवस सोडून. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.

आणि ती चामड्याची गवसणी! चामडं ओल धरतं, कमावताना वापरलेले क्षारही त्यात असतात. तुमचा निम्मा गंज तिथूनच आलाय. गवसणी आठवण म्हणून वेगळी ठेवा, रायफल तिच्यात पुन्हा नको.

तळकोकणी :
तीन आठवड्यांनी परत आलो.

कारागीर आधी रुसला, मग त्यालाच मजा आली. मुरणारं तेल चार दिवस. बाहेरच्या नळीला पोचा होताच, पुढून वीतभर आत. आतली नळी निघाली आणि तिच्यामागून टेबलावर दोन काडतुसं घरंगळली. हिरवी, फुगलेली. खोलीत कुणी काही बोललं नाही. विक्रेत्याने ती ताब्यात घेऊन वहीत नोंद केली. जुना नेमबाज, मी तुमची पोस्ट वाचायच्या आधी दोनदा चाप ओढून पाहिला होता, हे आता सांगतो.

ब्रशने घासल्यावर आकडा ८ निघाला, स्वच्छ. गावच्या घरी काकांकडे ट्रंकेत आजोबांचा परवाना सापडला, त्यातही ८. काका म्हणाले, ‘तेका हात लावू नको म्हणान सांगलेलंय तुझ्या बापाशीक, म्हणान इतकी वर्षां टिकली.’ दुरुस्तीचा अर्ज गेलाय. वारसाचा त्यानंतर.

नळीत मधोमध खळगे आहेत. आटे शाबूत. दस्त्याचा पोचा ऐंशी टक्के उठला.

आता बॅकसाइटचा स्क्रू. कारागीर म्हणतो मापाचा मिलिमीटरचा मिळतो, बसवून देतो. बसवू दे का?

ओंटारियोकर :
नको! जुनी ब्रिटिश रायफल, पेच इंची आहेत. मिलिमीटरचा स्क्रू दोन आटे जाईल, मग जोर लावला की भोकातलेच आटे कापेल. दुसरा शाबूत स्क्रू काढून नमुना म्हणून द्या आणि लेथवाल्याकडून करून घ्या.

तळकोकणी :
शाहूपुरीत एक लेथवाला ओळखीचा निघाला. सोमवारी नमुना देतो.