मदत हवी आहे : आईला झेपेल अशी निसर्गफेरी, मराठीतून

नमस्कार मंडळी. आई कोकणातून आमच्याकडे बोरिवलीला राहायला आली आहे. तिला झाडापाल्याची फार जाण. परवा सोसायटीच्या कुंपणाशी उगवलेला टाकळा तिने कोवळा बघून खुडला आणि रात्री ओलं खोबरं घालून भाजी केली. अशा बाईला नुसतं बागेत फिरवून काय होणार? जाणकाराबरोबर जंगलात न्यायचं आहे.

अडचण गुडघ्यांची. राष्ट्रीय उद्यानातली शिलोंढा वाट सुंदर आहे, पण पावसात ओढ्यातले दगड निसरडे असतात, तिथे तिला नेववत नाही. गोरेगावला फिल्म सिटीजवळ बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) या निसर्ग अभ्यासणाऱ्या संस्थेचं केंद्र आहे, तिथल्या फेऱ्यांत चढ किती असतो? मध्ये बसायला मिळतं का? माहीमचं निसर्ग उद्यान सपाट आहे. पूर्वीच्या कचराभूमीवर एवढी झाडी उभी राहिली, हे तिला दाखवायचंच आहे. तिथे माहिती सांगणारं कोणी सोबत मिळतं का?

आणि मुख्य म्हणजे मराठीत सांगणारे मार्गदर्शक हवेत. मागे एका फेरीत सगळं इंग्रजीत आणि शास्त्रीय नावांत चाललं होतं, आई गप्प राहिली. खरं तर कुडा, कारवी, पळस ती लांबूनच ओळखते, तिच्याकडेही सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

शनिवार-रविवार सकाळ चालेल. सोबत आठ वर्षांची लेक असेल. कोणी ज्येष्ठांना घेऊन गेलं असेल तर अनुभव नक्की सांगा, नावनोंदणी कशी करायची तेही.