शब्दचर्चा: विमान कंपनीचा ‘परिचालन खर्च’ आणि ‘एकक खर्च’

प्रश्न: विमान कंपन्यांच्या निकालांविषयी मराठीत लिहिताना ‘परिचालन खर्च’ आणि ‘एकक खर्च’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात. त्यांत फरक आहे का?

उत्तर: फरक आहे आणि तो पाळलाच पाहिजे. परिचालन खर्च म्हणजे विमानसेवा चालवण्यासाठी ठरावीक काळात आलेला एकूण खर्च. इंधन, पगार, देखभाल-दुरुस्ती, विमानतळांची शुल्के, विमानांचे भाडे आणि घसारा हे सारे त्यात येते. कर्जावरील व्याज आणि आयकर येत नाहीत. या रकमेला उपलब्ध आसन-किलोमीटरने भागले की एकक खर्च मिळतो. या क्षेत्रातले लोक त्याला ‘कॅस्क’ (कॉस्ट पर अव्हेलेबल सीट किलोमीटर) म्हणतात. १८० आसनांचे विमान १,००० किलोमीटर गेले की १,८०,००० उपलब्ध आसन-किलोमीटर होतात, मग त्यात प्रवासी कितीही असोत. म्हणून ‘उपलब्ध’ हे विशेषण गाळू नये. भरलेल्या आसनांचा हिशेब प्रवासी-किलोमीटरमध्ये होतो आणि ते माप वेगळे आहे.

उड्डाणे वाढवली की परिचालन खर्च वाढणारच, आणि त्याच वेळी एकक खर्च उतरूही शकतो, कारण भाडे व घसारा अधिक किलोमीटरांवर विभागले जातात. उलट, प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांतील धातूच्या दोषामुळे २०२३ नंतर अनेक एअरबस ए३२०निओ विमाने तपासणीसाठी जमिनीवर राहिली, तेव्हा त्यांचे इंधन वाचले, पण भाड्यासारखे ठरलेले खर्च चालूच राहिले आणि ते उरलेल्या उड्डाणांवर पडले. अशा वेळी नुसते ‘खर्च वाढला’ असे लिहिणे वाचकाची दिशाभूल करते.

पुरवणी प्रश्न: मग ‘इंधनामुळे खर्च वाढला’ हे वाक्य पुरेसे आहे का?

उत्तर: माझ्या मते नाही. इंधनाचा दर चढणे, डॉलर महागणे आणि इंधन जास्त जळणे ही तीन वेगळी कारणे आहेत, आणि त्यांपैकी कोणते लागू आहे ते वाक्यात आलेच पाहिजे. २०२२ मध्ये रशियाचे आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झाल्यावर पूर्व आशियाकडे जाणारी त्यांची विमाने लांबच्या वाटेने जाऊ लागली. इंधन अधिक लागले आणि वैमानिकांचे तासही वाढले. आसन-किलोमीटर मात्र सहसा दोन विमानतळांमधील किमान अंतरावर मोजले जात असल्याने वळशाचे किलोमीटर भाजकात येत नाहीत आणि त्यांचा सगळा भार एकक खर्चावर दिसतो. इथे दर स्थिर राहिला असता तरी खर्च चढलाच असता.

मार्गाच्या लांबीचाही उल्लेख हवा. ५०० किलोमीटरच्या फेरीलाही उतरण्याचे शुल्क आणि उड्डाण घेताना जळणारे इंधन चुकत नाही, म्हणून छोट्या मार्गांवर भर देणाऱ्या कंपनीचा एकक खर्च लांब पल्ल्याच्या कंपनीपेक्षा जास्त दिसतो. त्याला उधळपट्टी म्हणणे अन्यायाचे आहे.

जुन्या आकड्यांशी तुलना करताना आणखी एक काळजी घ्यावी. ‘आयएफआरएस १६’ हे आंतरराष्ट्रीय वित्तीय अहवाल मानक १ जानेवारी २०१९ पासून लागू झाल्यावर बहुतेक विमानभाड्याची नोंद घसारा आणि व्याज अशी विभागली गेली. व्याजाचा भाग परिचालन खर्चाबाहेर गेला, त्यामुळे २०१८ च्या तुलनेत २०१९ चा आकडा घटलेला दिसला, तरी ती घट काटकसरीची आहे असे धरून ‘बचत’ हा शब्द वापरू नये.