मदत हवी आहे: सेल्स इंजिनियरचा इंटरव्ह्यू बिनसला, तरी सोमवारी परत बोलावलंय

कृष्णाकाठचा:
आज कुपवाड एमआयडीसीत एका पंपवाल्यांकडे इंटरव्ह्यू दिला. जाहिरातीत ‘टेक्निकल सेल्स इंजिनियर’ होतं म्हणून तीन रात्री जागून फ्लुइड मेकॅनिक्स वाचून गेलो. वेळ अकराची, आत घेतलं पावणेदोनला. साहेब फोनवर बोलता बोलताच माझा बायोडेटा चाळत होते, मग चहाचा कप त्याच्यावरच ठेवला. कामाचा प्रश्न एकच, तोही अर्धवट: "साखर कारखान्यात मळी (मोलॅसिस) ओढायची आहे, काय देशील?" मी सेंट्रिफ्युगल (फिरत्या चक्राचा) पंप म्हणालो. ते "हं" म्हणाले आणि पुढं सगळं गाडी आहे का, जत-आटपाडीला जाशील का, कारखान्यात ओळखीचं कोण आहे का. बारा मिनिटांत बाहेर. फार लागलं मनाला. आणि आत्ता आठला फोन, सोमवारी दहाला या, मालक भेटणार आहेत. जाऊ का? काय तयारी करू? उद्याचा एकच दिवस आहे, लवकर सांगा.

वाळव्याचा पाहुणा:
कंपनी बनवणारी की डीलर? अनुभव किती? पगार काय बोलले? काहीच लिहिलं नाहीस, सांगणार काय?

टार्गेट पूर्ण:
डोळे झाकून जा. चौदा वर्षं सेल्समध्ये आहे. गाडी विचारली म्हणजे घ्यायचं मनात आहे. या धंद्यात पुस्तक कोण विचारत नाही, खरेदीवाले साहेब तुला नावानं ओळखतात का एवढंच बघतात.

पंपहाऊस ३१ वर्षं:
हे मला मान्य नाही. ओळखीवर पंप एकदा खपतो. ग्लँड (शाफ्टजवळची गळती अडवणारी पॅकिंग) गळायला लागली की तोच सेल्सवाला फोन उचलत नाही, हे मी कारखान्यात राहून भोगलंय. बाळा, मळीचा प्रश्न हाच तुझा इंटरव्ह्यू होता. गिऱ्हाईकसुद्धा असंच अर्धवट विचारतं. तू लगेच उत्तर दिलंस, तिथं चुकलं. आधी उलट विचारायचं: मळी किती घट्ट, किती गरम, तासाला किती टन, जिथं पोचवायची ती टाकी किती लांब नि किती उंच, सक्शनची म्हणजे जिथून ओढायची ती टाकी पंपाच्या वर की खाली. थंडीत मळी डांबरासारखी होते. तिथं सेंट्रिफ्युगल दमतो, गिअर किंवा स्क्रू पंप लागतो, तोही कमी आरपीएमवर. आणि जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह पाहिजेच, नाहीतर पुढचा व्हॉल्व्ह बंद राहिला की लाइन फुटते.

ऊसपट्टा:
गिअर नको, स्क्रूच. मळीतल्या कचऱ्यानं गिअरचे दात जातात.

पंपहाऊस ३१ वर्षं:
आमचा गिअर पंप ११ सीझन चालला. स्ट्रेनर (कचरा गाळणारी जाळी) साफ ठेवला तर काही होत नाही.

ऊसपट्टा:
रात्रपाळीला स्ट्रेनर उघडायला माणूस देतंय कोण?

अभ्यासिका:
प्रायव्हेटमध्ये असंच असतं. एक वर्ष घरी बसून सरकारी जेईची (ज्युनियर इंजिनियरची) तयारी कर, पोस्ट निघतातच.

कृष्णाकाठचा:
माफ करा, घाईत राहिलं. पंपांचे डीलर आहेत. माझा मेकॅनिकल डिप्लोमा, दीड वर्ष मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. पगार १४ हजार, पेट्रोल त्यातच, इन्सेंटिव्ह पार्टीचे पैसे आल्यावर. घरी बसून अभ्यास जमणार नाही, बाबा एकटेच कमावतात.

टार्गेट पूर्ण:
पेट्रोल त्यातच? मग थांब. सांगली-जत जाऊन येऊन दीडशेच्या वर किलोमीटर, म्हणजे तीन लिटर, तीनशे रुपये. महिन्यात दहा चकरा झाल्या की तीन हजार तिथंच गेले. आणि कारखान्याचं बिल कधी निघेल याचा नेम नाही, मग तुझं इन्सेंटिव्ह कधी? सोमवारी पेट्रोल वेगळं मागून घे, लेखी.

भडंगवाला:
तुमची क्वालिटीची जागा रिकामी होणार असेल तर कळवा, भाचा नुकताच आयटीआय झालाय.

सुजाता, विश्रामबाग:
तयारीचं कोणीच नीट सांगत नाहीये. एका कागदावर एक गणित सोडवून ने. पाणी तासाला ५० घनमीटर, हेड (पाणी चढवायची उंची, घर्षण धरून) ४० मीटर. ५० गुणिले ४० भागिले ३६७ (पाण्यासाठी हा आकडा ठरलेला), आले ५.४५ किलोवॅट. पंपाची कार्यक्षमता ६५ टक्के धर, शाफ्टला ८.४ लागतात. वर १५ टक्के राखून ९.६, म्हणून ११ किलोवॅटची, म्हणजे १५ एचपीची मोटर. मालक विचारतील साडेबाराची का नाही. ती ९.३ किलोवॅटची, कमी पडते. हे ठाम सांगता आलं की पुरे. एनपीएसएचही (पंपाच्या तोंडाशी पुरेसा दाब आहे का ते) बघून जा, तो कमी पडला की पंपात खडे वाजल्यासारखा आवाज येतो, ही तक्रार हमखास विचारतात.

कृष्णाकाठचा:
जातो. मळीचं मीच परत काढतो, आधी प्रश्न विचारतो. पेट्रोलचंही बोलतो. ताई, एक अडलंय. सक्शनची टाकी पंपाच्या वर असेल तर ती उंची हेडमधून वजा करायची ना?

सुजाता, विश्रामबाग:
हो, वजा. मग पाइपातलं घर्षण मिळव. मळी असेल तर तेच सगळ्यात जास्त भरतं, उंचीपेक्षाही. पाइपाचा व्यास विचारायला विसरू नकोस.