स्पॅनिश आकडे पाठ आहेत, पण कानाला कळत नाहीत

उद्यमबागकर (प्रश्न)

नमस्कार. मी बेळगावात उद्यमबागेतील एका लहान कारखान्यात माल रवाना करण्याचे काम पाहतो. आमचे कास्टिंग (ओतीव सुटे भाग) मेक्सिकोतील एका ग्राहकाकडे जाऊ लागल्यापासून दर आठवड्याला तिथल्या गोदामातील माणसांशी फोनवर बोलावे लागते. त्यांचे इंग्रजी बेताचे असल्यामुळे आकडे ते स्पॅनिशमध्येच सांगतात. एक ते शंभर मी वहीत लिहून पाठ केले आहेत. तरीही गेल्या महिन्यात त्यांनी ‘सेसेंता’ (साठ) पेट्या सांगितल्या आणि मी सत्तर धरल्या. दहा पेट्या जास्त बांधल्या गेल्या होत्या, पण गाडी भरण्यापूर्वी ते लक्षात आले म्हणून निभावले.

दुसरी अडचण अधिक विचित्र आहे. ‘क्वारेंता इ त्रेस’ (त्रेचाळीस) असे ऐकले की माझ्या हातून कागदावर 34 उमटते. अर्थ ठाऊक असताना हात उलटा का चालतो, हे मला उमगत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

टिळकवाडीच्या बाई

आपला हात उलटा चालत नाही, तो मराठी चालतो. ‘त्रेचाळीस’ म्हणताना आपण आधी तीन सांगतो आणि मग चाळीस. म्हणून कानावर प्रथम पडलेला आकडा एककाच्या घरात टाकण्याची सवय आपल्याला पहिलीपासून लागलेली असते. स्पॅनिशमध्ये दशक आधी येते. आपण ‘क्वारेंता’तला चार एककाच्या घरात ठेवता आणि मागून येणाऱ्या तीनला दशकाचे घर उरते.

यावर आपल्या भागातल्या माणसाजवळ एक उपाय आहे, जो पुण्याच्या माणसाजवळ नसतो. आपल्याला बाजारापुरते का होईना, कन्नड येतेच. कन्नडमध्ये एकवीसला ‘इप्पत्तोंदु’ म्हणतात, म्हणजे आधी वीस आणि मग एक; अडुसष्टला ‘अरवत्तेंटु’, म्हणजे साठ आणि आठ. स्पॅनिशमधले ‘सेसेंता इ ओचो’ याच क्रमाने येते. तेव्हा स्पॅनिश आकडा ऐकताना मनातल्या मनात मराठीत न जाता कन्नडमध्ये जावे. मी स्वतः स्पॅनिश शिकताना दोन वर्षे मराठीतून भाषांतर करत चुकत राहिले, आणि शनिवारच्या बाजारात एका भाजीवालीने ‘नलवत्तमूरु’ (चाळीस-तीन) रुपये मागितले तेव्हा मला हे सुचले. (महाराष्ट्रात 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन आल्यावर केवढा वाद झाला होता! ती रचना इथे रोज कानावर पडते.)

आता साठ आणि सत्तर. सहाला ‘सेइस’ म्हणतात, त्याच्या शेवटी स आहे. म्हणून साठ ‘सेसेंता’. साताला ‘सिएते’ म्हणतात, त्यात त आहे. म्हणून सत्तर ‘सेतेंता’. फरक केवळ मधल्या एका व्यंजनाचा आहे आणि खराब फोनवर नेमके तेच हरवते. म्हणून आकडा ऐकल्यावर सुटे अंक म्हणून खात्री करून घ्यावी: ‘सेइस, सेरो?’ म्हणजे सहा, शून्य. समोरचा ‘सी’ (हो) म्हणाला की मगच पेट्या बांधाव्यात.

उच्चारांची फार धास्ती नको. स्पॅनिश त आणि द हे आपल्यासारखेच दंत्य असल्यामुळे ‘त्रेस’ आणि ‘दोस’ आपल्या तोंडी सहज बसतात. ‘ओचो’तला च मात्र ‘चार’मधला आहे, ‘चाक’मधला नव्हे.

खानापूरचा वाटसरू

बाईंशी सहमत आहे. ‘त्रेस’ हा शब्द तर आपल्या ‘त्रेसष्ट’, ‘त्रेपन्न’ यांतल्या ‘त्रे’चाच दूरचा भाऊबंद आहे.

आमच्याकडे गोव्यात नातीगोती पुष्कळ असल्यामुळे वडीलधाऱ्यांकडून काही पोर्तुगीज आकडे माझ्या कानावर आले होते आणि त्यांनीच मला स्पॅनिशमध्ये दगा दिला. पोर्तुगीजमध्ये ‘आणि’ या अर्थाचा शब्द शतकानंतरही येतो. स्पॅनिशमधला ‘इ’ मात्र केवळ दशक आणि एकक यांच्यामध्ये येतो. एकशे त्रेचाळीस म्हणजे ‘सिएंतो क्वारेंता इ त्रेस’. ‘सिएंतो’च्या पुढे ‘इ’ लावू नये. नुसत्या शंभराला ‘सिएन’ म्हणतात, ‘सिएंतो’ नव्हे. सोळा ते एकोणीस आणि एकवीस ते एकोणतीस हे आकडे एकाच शब्दात जोडून लिहितात, जसे ‘दिएसिसेइस’ किंवा ‘बेइंतित्रेस’; सुटा ‘इ’ एकतीसपासून सुरू होतो. अकरा ते पंधरा मात्र पाठच करावे लागतात: ओन्से, दोसे, त्रेसे, कातोर्से, किन्से. दोन आणि बारा, म्हणजे ‘दोस’ आणि ‘दोसे’, यांतही आपल्या पेट्यांचा घोटाळा होऊ शकतो, सांभाळावे.

निपाणीकर

मोजणी शेकड्यांत गेल्यावर लिंग पाळावे लागते, याचा उल्लेख राहिला. पेटी म्हणजे ‘काखा’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणून दोनशे पेट्या ‘दोसिएंतास काखास’ होतात. किलो पुल्लिंगी आहे, म्हणून दोनशे किलो ‘दोसिएंतोस किलोस’. आपणही ‘दोघे भाऊ’ आणि ‘दोघी बहिणी’ म्हणतोच. पाचशे, सातशे आणि नऊशे हे आडमुठे आहेत: ‘किनिएंतोस’, ‘सेतेसिएंतोस’, ‘नोबेसिएंतोस’. हजाराला ‘मिल’ म्हणतात आणि तो कशानेही बदलत नाही.

लाख आणि कोटी यांना तिकडे शब्दच नाहीत. एक लाख म्हणजे ‘सिएन मिल’, शंभर हजार. दहा लाख म्हणजे ‘उन मियोन’ आणि एक कोटी म्हणजे ‘दिएस मियोनेस’. ‘बियोन’ या शब्दाला मात्र जपावे. इंग्रजीतले बिलियन म्हणजे शंभर कोटी. त्याला स्पॅनिशमध्ये ‘मिल मियोनेस’ म्हणतात. ‘उन बियोन’ म्हणजे एक लाख कोटी. दरपत्रकात हा शब्द सहसा येणार नाही, पण बातम्या वाचताना फसगत होते.

ड्रॉइंग स्पेनमधून आले तर स्वल्पविरामाकडे नीट पाहावे. तिथे दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, त्यामुळे 12,500 मिलिमीटर म्हणजे साडेबारा मिलिमीटर, साडेबारा हजार नव्हे. मेक्सिकोत आपल्यासारखाच दशांशासाठी बिंदू वापरतात, म्हणून आपले सध्या बरे चालले आहे.

उद्यमबागकर

आपणा सर्वांचा आभारी आहे. बाईंची कन्नडची युक्ती मी काल कारखान्यातच करून पाहिली. एका कामगाराला तीस स्पॅनिश आकडे वाचायला लावले आणि स्वतः कन्नडमध्ये मोजत लिहिले. तिसांत दोनच चुका झाल्या, दोन्ही ‘दोस’ आणि ‘दोसे’ यांच्यातल्या.

आणखी एक विचारतो. त्यांनी पुढच्या बोलण्याची वेळ ‘क्वार्तो पारा लास त्रेस’ अशी कळवली आहे. हे सव्वातीन की पावणेतीन?

टिळकवाडीच्या बाई

पावणेतीन. तिनाला पाव बाकी, असा त्याचा अर्थ. स्पेनमध्ये हेच ‘लास त्रेस मेनोस क्वार्तो’, म्हणजे पाव उणे तीन, असे म्हणतात. आपल्या ‘एकोणीस’मध्येही ‘उणे’ असेच दडलेले आहे. सव्वातीन असते तर ‘लास त्रेस इ क्वार्तो’ म्हटले असते. मात्र ही वेळ मेक्सिको सिटीच्या घड्याळाची असेल, तर ते आपल्यामागे साडेअकरा तास असतात. त्यांची दुपारची पावणेतीन म्हणजे आपली मध्यरात्रीनंतरची सव्वादोन. फोन उचलण्यापूर्वी एकदा विचारून घ्या.