रस्त्यावर भीती नेमकी कुणाची वाटते? सायकलवाले, गाडीवाले आणि पायी चालणारे, सगळ्यांचे अनुभव हवेत

औसा तालुका, शिक्षिका

मी एका माध्यमिक शाळेत शिकवते. आमच्याकडे मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. दारात सायकल आली की वाडीवरच्या मुलीची शाळा टिकते, हे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. यंदा मात्र दिवाळी झाली, उसाचा सीझन सुरू झाला आणि बऱ्याच पालकांनी सायकली घरात उभ्या करून ठेवल्या. मुली आता अ‍ॅपेने येतात. मागच्या फळीवरसुद्धा दोघी-तिघी बसलेल्या असतात, पाय बाहेर लोंबकळत. तरीही पालकांना हेच जास्त सुरक्षित वाटतं. पालकसभेत एका वडिलांना विचारलं, तर म्हणाले, "बाई, अ‍ॅपेला गाडीवाला बघतो तरी. सायकलला कोण बघायलंय?"

त्याच पालकसभेत पिकअप चालवणारे एक पालक उठले आणि म्हणाले, "आम्हाला सायकलीचीच लई धास्ती असते. ट्रक कुठं वळणार हे कळतं, सायकलचं कळत नाही."

दोघंही खरं बोलत होते. म्हणून हा धागा काढते आहे. चूक कुणाची हा वाद इथे नको. तुम्ही ज्या सीटवर बसता तिथून काय दिसतं, काय दिसत नाही आणि पोटात गोळा कधी येतो, तेवढं लिहा. ऐकीव नको, स्वतःचं लिहा.

बीड जिल्हा, एसटी चालक

बाई, तुम्ही चांगला विषय घेतलात. गावाकडच्या बऱ्याच रोडला डांबर 5.5 मीटर असतं. माझी बस अडीच मीटर रुंद. समोरून ट्रक आला तर तो पण तेवढाच. राहिला अर्धा मीटर. त्यात सायकल कुठं बसणार? म्हणजे तिघं एका जाग्यावर आले की एकाला थांबावंच लागतं. माझं म्हणणं असं की थांबायचं मी. पोरगी खाली उतरली तर पडती. मी ब्रेक दाबला तर काय होतं? फार तर पाशिंजर बोंबलतेत.

आता मला भीती कशाची, ते सांगतो. सायकलवाला सरळ चालला असेल तर काही नाही. पण त्यानं उजव्या खांद्यावरून मागं वळून बघितलं की हँडल आपोआप उजवीकडं येतं. बघणाऱ्याला ते कळतही नाही. मागं बस आहे का हे बघायला जातो आणि बसच्याच पुढ्यात येतो. म्हणून मी जवळ जाऊन हॉर्न मारत नाही. लांबूनच एकदा हलका देतो आणि स्पीड कमी करतो. जवळ जाऊन कर्कश वाजवणाऱ्यांचा मला राग आहे. त्यानं माणूस दचकतो आणि दचकला की पहिल्यांदा मागंच बघतो.

दुसरी जागा म्हणजे फाटा. बस उभी राहिली की पोरी डाव्या बाजूनं, दरवाजाला घासून पुढं जातात. बंपरच्या डाव्या कोपऱ्याला खेटून सायकल असेल तर ती मला सीटवरून दिसतच नाही. आरशात पण नाही. कंडक्टरनं डबल बेल दिली की मी गाडी काढणार. पोरींना एवढं सांगा की उभ्या बसच्या डाव्या अंगानं जायचं नाही. पाशिंजर उतरू द्यावेत, बस निघू द्यावी, मग जावं.

गेवराई तालुका, बी.एस्सी.ची विद्यार्थिनी

कॉलेजला सायकलने जाते. आमच्या रस्त्यावर वाळूचे हायवा, म्हणजे मोठे टिपर ट्रक, चालतात. हायवा शेजारून गेला की आधी हवा बाहेर ढकलते आणि मागचं चाक पुढे गेलं की आत ओढते. हे ओढणं फार वाईट. अनुभव नसलेली मुलगी तिथेच डगमगते. मी हायवाचा आवाज आला की दोन्ही हात हँडलवर घट्ट धरते, पायडल थांबवते आणि पुढे बघते. मागे अजिबात बघत नाही.

सगळे म्हणतात, "खाली उतरायचं ना साइडपट्टीवर." ज्यांना असं वाटतं त्यांनी एकदा सायकलवरून उतरून दाखवावं. डांबरावर डांबर चढवून रस्त्याची कड वीतभर उंच झाली आहे. खाली जायला जमतं, पण परत वर चढताना पुढचं चाक कडेला घासून सायकल आडवी होते, आणि तीही डांबरावर, गाड्यांच्या बाजूला. पावसाळ्यात साइडपट्टीची काळी माती मडगार्डात इतकी भरते की चाक फिरत नाही, सायकल उचलून न्यावी लागते. आम्ही हौसेने रस्त्याच्या मध्ये चालवत नाही. खाली जागा असेल तर कोण कशाला वर येईल?

लातूर, अभियंता

वरच्या ताईंना दुजोरा. काळी माती ओली झाली की फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला भेगा पडतात. त्यामुळे आपल्या भागात साइडपट्टी एकदा भरून भागत नाही. मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून ती पक्की करावी लागते आणि दर पावसाळ्यानंतर पुन्हा बघावी लागते. डांबराचं बिल निघतं, साइडपट्टीकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. रस्ता झाला असं म्हणताना कड भरली का, हे गावाने विचारलं पाहिजे.

निलंगा तालुका, ट्रॅक्टरचालक, ऊस वाहतूक

ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. ऊस दोन्ही बाजूला बाहेर आलेला. मागं काय आहे हे मला दिसत नाही आणि इंजिनाच्या आवाजात ऐकूही येत नाही. कुणी गाण्याचा डेक लावून चालवतेत, मी लावत नाही.

मला रात्रीची झोप उडवणारी गोष्ट सांगतो. शाळा सुटली की पोरं सायकल घेऊन मागच्या ट्रॉलीला धरतेत. एका हातानं ट्रॉली, एका हातानं हँडल. पायडल मारावं लागत नाही आणि जाता जाता ऊसही उपसता येतो. त्यांना मजा वाटते. गचका बसला आणि पोरगं दोन ट्रॉल्यांच्या मधी गेलं, तर मला कळणार पण नाही. मी तसाच पुढं जाईन. गावात शिरायच्या आधी मी थांबतो, खाली उतरून मागं चक्कर मारतो आणि मग निघतो. मागचे ट्रॅक्टरवाले शिव्या देतेत. देऊ द्या.

वळणावर दुसरी ट्रॉली आतून येते. ट्रॅक्टर गेला त्या चाकोरीतनं ती जात नाही. डाव्या वळणाला आतल्या बाजूनं सायकल असली तर ट्रॉली तिला दाबती. लोकांना वाटतं ट्रॅक्टर पुढं गेला म्हणजे धोका गेला. खरा धोका मागं असतो.

आणि रेडियमचं म्हणाल तर पट्ट्या लावलेल्या असतेत, पण वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, खाली लोंबतं आणि त्या झाकून जातेत. मी भरणी झाल्यावर मागचं वाढं कोयत्यानं छाटतो आणि दोराला वरून एक लाल पट्टी बांधतो. सगळ्यांनी केलं पाहिजे. पाच मिनिटं लागत नाहीत.

छत्रपती संभाजीनगर, हौशी सायकलस्वार

रविवारी पहाटे आमचा गट शरणापूर फाट्यावरून दौलताबाद, खुलताबादकडे जातो. एक निरीक्षण मुद्दाम लिहितो. हेल्मेट, चमकणारं जाकीट आणि गियरची सायकल असली की गाड्या मला बऱ्यापैकी जागा देतात. तोच मी साध्या शर्टात, जुन्या काळ्या सायकलवर वाळूजच्या रस्त्याला गेलो की कट मारून जातात. सायकलवरचा माणूस तोच, रस्ता तसाच. म्हणजे चालक नुसतं अंतर मोजत नाही, समोरचा माणूस किती महत्त्वाचा हेही मनात ठरवतो. कामावर जाणाऱ्या माणसाला कमी जागा मिळते, हे मला अतिशय लागतं.

दौलताबादच्या घाटात रस्ता जुन्या दरवाजातून जातो. तिथे एका वेळी एकच मोठी गाडी निघते. कोंडी होते, वैताग येतो, पण सायकल घेऊन तिथे मला कधीही भीती वाटली नाही. सगळे सावकाश असतात आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. चालक हात करतो, "जा." त्या दरवाजातून बाहेर पडून मोकळा रस्ता लागला की मात्र जीव मुठीत. आपण रुंद रस्त्याला सुरक्षित समजतो, पण ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला 16 मीटरहून जास्त अंतर कापते. तेवढ्यात चालकाचा पाय अजून ब्रेकवर पोहोचलेलाही नसतो. आणि वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो.

वाळूज, कामगार

लाइट का लावत नाही असं विचारतात. सायकल स्टँडवर ठेवली की लाइट चोरीला जातो. आता चार्जिंगचा छोटा घेतलाय, काढून खिशात ठेवतो. मागचा लाल लाइट पुढच्यापेक्षा महत्त्वाचा आहे, हे अनुभवाने सांगतो. पुढचं मला दिसतं. मागच्याला मी दिसलो पाहिजे.

बीड जिल्हा, एसटी चालक

वाळूजच्या भाऊंचं बरोबर. आणखी एक, पायडलचे पिवळे रिफ्लेक्टर काढू नका. ते वरखाली होतात, त्यामुळं अंधारात लांबूनच कळतं की ही सायकल आहे. नुसता एक लाल ठिपका दिसला तर मोटरसायकल आहे की उभी ट्रॉली, काही अंदाज येत नाही.

परभणी, निवृत्त, पायी फिरणारा

सगळे मोठ्या गाडीबद्दल बोलत आहेत. माझं वय सत्तरीच्या पुढे आहे आणि मला सायकलीची भीती वाटते. आमच्या वसाहतीजवळ झाडीचा छान रस्ता आहे. गाड्या कमी, म्हणून आम्ही म्हातारी माणसं तिथे जातो. तिथेच मुलं सायकली पळवतात. गाडीचा निदान आवाज येतो, सायकल मात्र खांद्याजवळून निघून गेल्यावर कळते. मला एका कानाने कमी ऐकू येतं. एकदा मी झाडावरचा पक्षी बघायला थोडा बाजूला सरकलो आणि मागून ओरडा आला, "आजोबा, सरळ चाला!" मी सरळ चालत राहावं, ही त्या मुलाची अपेक्षा आणि सायकल सरळ चालावी, ही बसचालकाची. दोन्ही अपेक्षा मला सारख्याच वाटतात. जो वेगात आहे त्याला दुसऱ्याने रेषेत राहावं असं वाटतं. माणूस रेषेत चालत नाही. खड्डा चुकवतो, कुत्रं आलं की थबकतो, ओळखीचं कुणी दिसलं की वळतो.

नव्या सायकलींवर घंटी दिसत नाही. दहा-पंधरा पावलं मागून घंटी वाजली की मी आनंदाने बाजूला होतो.

औसा तालुका, शिक्षिका

आजोबा, तुमचं हे मी उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे. आमच्या मुलीही शाळा सुटल्यावर वेशीतून तशाच सुसाट निघतात आणि ओट्यावरच्या आज्या ओरडतात.

अंबाजोगाई, डॉक्टर, रात्री कारने ये-जा

समोरच्याने अप्पर, म्हणजे हेडलाइटचा वरचा झोत, मारला की पुढचे काही क्षण मला रस्ता दिसत नाही. डोळ्याची बाहुली आकसलेली असते, ती पुन्हा मोठी व्हायला वेळ लागतो. माझ्या वयात आणखी जास्त. त्या अंधाऱ्या क्षणात सायकल असेल तर ती मला दिसणार नाही, मी कितीही सभ्य चालक असलो तरी. म्हणून समोरून गाडी येताना मी डिपर देतो, म्हणजे झोत खाली-वर करून खूण करतो, आणि त्याने अप्पर उतरवला नाही तरी आपण वेग उतरवतो. ऑक्टोबरात यात सोयाबीनची भर पडते. शेतकऱ्याकडे खळं नाही, म्हणून रास अर्ध्या रस्त्यावर पसरलेली, कडेला दगड लावलेले. त्याची अडचण मला समजते. पण सायकलवाला त्या दगडांना वळसा घालून थेट माझ्या दिव्यात येतो. रास घालायचीच असेल तर संध्याकाळी दगड उचलून ठेवा, एवढी कळकळीची विनंती.

माझ्याकडे येणाऱ्या अपघातग्रस्तांबद्दलही लिहायला हवं. सायकलवाला पडलेला असतो, भोवती लोक जमतात, पण पोलिसांच्या भानगडीला घाबरून कुणी उचलत नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली. जखमीला मदत करणाऱ्याला त्यात कलम 134 अ नुसार संरक्षण आहे, नाव सांगण्याचीही सक्ती नाही. 2025 पासून केंद्राच्या योजनेत, मोटार वाहनाच्या अपघातातल्या जखमीला ठरलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत 1.5 लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. धडक बसलेला सायकलस्वारही त्यात येतो. 112 ला किंवा रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करा. पहिल्या तासात माणूस पोहोचला तर आम्हाला काहीतरी करता येतं.

औसा तालुका, पालक

मी बाईंच्याच शाळेतला पालक. माझी पोरगी नववीत. सायकल मीच घरात लावली. इथलं सगळं वाचलं. माझी भीती गेली नाही, खोटं कशाला बोलू. पण अ‍ॅपे उलटला तर बारा पोरी एकदम, हे आधी डोक्यात आलं नव्हतं. रस्त्याच्या शेवटच्या टप्प्यात, कॅनॉलपासून शाळेपर्यंत, साइडपट्टी मुरमाची झाली आणि सकाळच्या वेळी ट्रॉल्या गावाबाहेर थांबल्या, तर मी सायकल बाहेर काढीन. ग्रामपंचायतीत बोलायला येतो, बाकीच्यांनी पण यावं.

औसा तालुका, शिक्षिका

नक्की जाऊ. आणखी एक विचारायचं होतं. निलंग्याचे दादा, तुम्ही ट्रॅक्टर घेऊन शाळेच्या मैदानावर येऊ शकाल का? मुलींना एकेक करून सीटवर बसवायचं आणि बाकीच्यांनी सायकली घेऊन भोवती उभं राहायचं. कोण दिसतं, कोण दिसत नाही, हे त्यांना स्वतःला कळेल. नंतर मुलांनाही बसवू, ट्रॉलीला धरणारी तीच आहेत.

निलंगा तालुका, ट्रॅक्टरचालक

येतो बाई. खेप रिकामी करून परत येताना वाट वाकडी करायला सोपं आहे, पण मी भरलेल्याच ट्रॉल्या आणतो. रिकाम्या ट्रॉलीमागचं पोरगं दिसतं, भरलीमागचं दिसत नाही.