कबड्डीत आपल्या संघाला जोर द्यायचा, पण समोरच्यांना टोमणे नकोत. पोरांना काय शिकवावं?

क्रीडाशिक्षिका: तालुका पातळीवरच्या शालेय कबड्डी स्पर्धा तोंडावर आल्या आहेत. सोबत साठेक मुलं, एक हलगी आणि दोन ताशे असतील. समोरचा बाद झाला की हुर्यो उडवायची त्यांना सवय आहे. नुसतं 'हे करू नका' म्हटलं की सगळेच गप्प बसतात. मग त्यांनी करायचं काय?

मैदानी_काका: ताई, आधी घोषणा तपासा. ज्या घोषणेत समोरच्या शाळेचं, गावाचं किंवा खेळाडूचं नाव येतं ती काढून टाका, यमक कितीही जुळत असलं तरी. उरलेल्यांत आपल्या खेळाडूचं नाव आणि त्याने आत्ता केलेलं काम असू द्या: 'सागर, बोनस!', 'कोपरा भारी!' मुलांना खेळाडूंची नावं आणि जागा आधी पाठ हव्यात. पुष्कळदा टोमणे येतात ते दुसरं काही बोलायला सुचत नाही म्हणून.

आणि 'आऊट, आऊट!' हे ओरडणं बंद करा. तो निर्णय पंचांचा. समोरच्या पोराला ते टोमण्याइतकंच लागतं.

हलगीवाला: वाद्यांचा हिशेब वेगळा आहे. चढाई ३० सेकंदांची, आणि तेवढा वेळ चढाईपटूचा 'कबड्डी कबड्डी' हा दम पंचांना स्पष्ट ऐकू यायला हवा. ताशा चालू राहिला तर आपल्याच पोराचा दम ऐकू येत नाही आणि पंच ताकीद देतात. समोरचा चढाईला आला असेल तर आपली साखळी (हात धरून बचाव करणारे खेळाडू) एकमेकांना हाका मारत असते, त्याही बुडतात. म्हणून मध्यरेषा ओलांडली की हात वाद्यावरून खाली, मग चढाई कुणाचीही असो. पुढचा चढाईपटू ५ सेकंदांत निघायचा असतो, तेवढ्यात हलगीचे तीन ठोके आणि एक नाव, बस. भरपूर वाजवायचंय ते लोण चढल्यावर (म्हणजे समोरचा अख्खा संघ बाद झाल्यावर), टाइमआउटला आणि मध्यंतरात. इशारा एकानेच द्यायचा. दोघांनी दिला की गोंधळ ठरलेला.

क्रीडाशिक्षिका: मुलांना बसवावं कुठे? आणि आपण दहा-बारा गुणांनी मागे पडलो तर? टोमणे तेव्हाच सुरू होतात.

मैदानी_काका: बाजूच्या रेषेकडे, चार-पाच पावलं मागे. अंतिम रेषेमागे मुळीच नको. बाद झालेले खेळाडू तिथून दोनच मीटरवरच्या चौकटीत बसतात. आधीच खाली मान घालून बसलेल्या पोराच्या कानात प्रत्येक शब्द जातो. मध्यंतरानंतर बाजू बदलतात, तेव्हा आपल्यासमोर समोरचा संघ येतो. हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

मागे पडल्यावर 'जिंकणार, जिंकणार' म्हणू नका. ते खोटं वाटतं आणि मग राग निघतो दुसऱ्यावर. जवळचं काहीतरी मागा. मैदानात आपले तीन किंवा त्याहून कमी उरले असतील तर पकडीला दोन गुण मिळतात. चढाईपटू निघण्याआधी 'पकड! पकड!' म्हणा, मग शांत. दोन चढाया रिकाम्या गेल्या असतील तर तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. तेव्हा पोराला फक्त नावाने हाक मारा, 'आण रे, आण' नको. दडपण आधीच पुरेसं असतं.

हलगीवाला: समोरच्याने तिघांना ओढत मध्यरेषा गाठली तर टाळ्या वाजवायच्याच. आपल्या बाजूने एक मोठा मुलगा त्यासाठी नेमा. त्याने सुरुवात केली की बाकीचे वाजवतात.