शेअर फोल्डर आणि 'एव्हरीवन': तुमचे अनुभव सांगा

शिरोलीची मी: काल एका फौंड्रीत गेलते, तिथं नेटवर्कवर शेअर केलेला 'कॉमन' फोल्डर बघितला, एव्हरीवन, फुल कंट्रोल, म्हणजे कुणीबी उघडावं, बदलावं, उडवावं. एकदम २००९ आठवलं. आमच्याकडं पण असाच होता आणि स्टोअरच्या पोराच्या हातनं अख्खा ड्रॉइंगचा फोल्डर उडाला. शेअरवरनं डिलीट केलं की रिसायकल बिनमध्ये जात नाही हे तेव्हा कळलं. पॅटर्नशॉपचे काका जुन्या प्रिंट घेऊन आले, पिवळ्या पडलेल्या, कडांना तेलाचे अंगठे, त्यावरनं तीन दिवस परत आखत बसलो. पोरगं रडत होतं, खरं चूक त्याची न्हवती, दार आम्हीच सताड उघडं ठेवलेलं. तेव्हापासनं एकेका माणसाला नाही, ग्रुपला (युजरच्या यादीला) अ‍ॅक्सेस देते, स्टोअरला ड्रॉइंग फक्त रीड, म्हणजे नुसतं बघायला. तुमचं सांगा.

हुपरीकर: आमचं उलटं. शेअरिंगमध्ये फुल दिलेलं तरी सेव्ह होईना, दोन दिवस केबल बदलत बसलो. त्याच फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबला परवानगी वेगळी असते, तिथं नुसतं रीड होतं. नेटवर्कवरनं दोन्हीतलं जे कडक तेच लागतं.

राजारामपुरी ७: @हुपरीकर सेम भावा. आणि ग्रुपात नाव घातलं की लॉगऑफ करून परत लॉगिन करायला लावा, नुसतं रिफ्रेश मारून काय होत नाही

आक्का: आमच्या पतसंस्थेत रोज सकाळी एकाचं तरी उघडायचं नाही. रोज वेगळाच माणूस. साध्या विंडोज १० च्या पीसीवर शेअर, एकावेळी २० च कनेक्शन, त्यावरचा बाहेर. दूध उतू जातंय, येते

उद्यमनगर: विंडोज ११ चं २४एच२ अपडेट आल्यावर नासचं (नेटवर्कवर फायली ठेवायचा डबा) बिनपासवर्डचं शेअर बंद पडलं, कुणीतरी म्हणालं जुनं एसएमबी१ (फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) चालू करा. करू नका ओ! २०१७ ला वॉनाक्राय, फायली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस, त्याच वाटेनं पसरला. नासवर प्रत्येकाचा युजर काढला, एका दुपारचं काम.

शाहूपुरीवाला: २०१९ च्या पुरात आमचा शेअरचा पीसी पाण्यात गेला. टेबलावर ठेवलेला, तरी गेला. सगळ्यांचं एकाच ठिकाणी होतं म्हणून सगळ्यांचंच गेलं.

शिरोलीची मी: 😔 कॉपी कुठंच न्हवती?

शाहूपुरीवाला: एक पेनड्राइव्ह, जीएसटीपुरता. आता रोज रात्री घरी हार्डडिस्क नेतो.

आक्का: आले. शाहूपुरीत कुठल्या गल्लीत ओ तुम्ही? आमची नणंद तिथंच, तिला बोटीतनं काढलं